आत्येभाऊ अमेरिकेत, दावा इंदूरच्या कोर्टात: खर्चाची हमी मागता येते का?

रामबागकर · ७ जून, ०८:१२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रामबागेत आमचा वाडा आहे, आजोबांनी १९४४ साली बांधलेला, होळकरांच्या नोकरीत होते तेव्हा. खाली दोन भाडेकरू (एक जण अजून ऐंशी रुपये देतो, तो वेगळा धागा होईल), वर आम्ही. आजोबा १९८१ ला गेले. बाबांना एकच बहीण, माझी आत्या, ती २०१७ मध्ये गेली आणि २०२१ मध्ये तिच्या मुलानं वाटणीचा दावा ठोकला. हा आत्येभाऊ वीस-बावीस वर्षं न्यूजर्सीला असतो. स्वतः एकदाही आलेला नाही, मुखत्यारपत्रावर त्याचा एक मित्र पेशीला येतो, तोही कधी येतो कधी नाही. आम्ही मात्र दर पेशीला हजर. बाबा ८१ वर्षांचे, तरी काठी टेकत येतात. वकीलसाहेबांची फी, मुंशीजींचं चहापाणी, नकला, टायपिंग, मध्ये मोजणीला कमिशनर नेमला त्याची फी... बाबांनी लाल कापडी बांधणीच्या वहीत सगळं लिहून ठेवलंय, परवापर्यंत १,८६,४०० झाले.

तर प्रश्न असा. सकाळी फिरायला येणारे एक रिटायर्ड गृहस्थ म्हणाले की वादी परदेशात असेल तर कोर्ट त्याच्याकडून आधीच खर्चाची जमानत भरून घेतं, नाही भरली तर दावा खारीज. असं खरंच असतं का? आमच्या वकीलसाहेबांना विचारलं तर म्हणाले "देखते हैं". हे देखते हैं पहिल्या पेशीपासून चालू आहे.

सराफ्यातला_बोका · ७ जून, ०८:३१

जामीन तर आरोपीला लागतो ना भिया? आता फिर्याद करणाऱ्यालाही जामीन?

बाकी धागा भारी आहे, गराडूची प्लेट घेऊन बसतो.

फोडणीचे_पोहे · ७ जून, ०८:३५

जूनमध्ये गराडू? तो तर थंडीतला कंद. कुठल्या सराफ्यात मिळाले रे तुला? फेकू नको.

कायदेकानू · ७ जून, १०:०४

मी इथेच प्रॅक्टिस करतो, पण तुमची फाइल बघितलेली नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नको, गप्पा म्हणून वाचा.

तुमचे गृहस्थ अर्धं बरोबर बोलले. १९०८ च्या सीपीसीत (दिवाणी दावे कसे चालवायचे त्याचा कायदा) ऑर्डर २५, म्हणजे त्यातलं एक प्रकरण, याच कामासाठी आहे, छोटीशीच आहे. रूल १ म्हणतो की दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर कोर्ट स्वतःहून किंवा प्रतिवादीच्या अर्जावर, कारणं लिहून, वादीला सांगू शकतं की प्रतिवादीचा जो खर्च झालाय आणि जो होणार आहे त्याची हमी दे. हे झालं "शकतं". त्याच्या खालीच एक परंतुक आहे आणि तिथे "शकतं" संपतं: वादी एकटा असेल तर तो, जास्त असतील तर सगळेच्या सगळे, भारताबाहेर राहणारे असतील आणि त्यांच्यातल्या एकाकडेही भारतात पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर कोर्टानं हमी मागायचीच. आणि ही मालमत्ता मोजताना जिच्यावर दावा आहे ती सोडून मोजायची. म्हणजे "वाड्यात माझा हिस्सा आहे की" हे आत्येभावाला म्हणता येणार नाही, भांडण त्याचंच तर चाललंय.

दाव्याच्या मध्येच कोणी खर्च चुकवायला म्हणून देश सोडला असं दिसलं तर त्यालाही परदेशातलाच धरतात. मुदतीत हमी आली नाही तर रूल २, दावा खारीज. पण लगेच पेढे वाटू नका, पुरेसं कारण दाखवून तो आदेश मागे घेता येतो, आणि तो अर्जही फेटाळला तर त्यावर अपील आहे.

आता मला दोन गोष्टी सांगा. वादी एकटाच आहे का? आणि त्याच्या नावावर इथे दुसरं काही आहे का?

सराफ्यातला_बोका · ७ जून, १०:१२

हमी म्हणजे रोख नेऊन द्यायचे का जजसाहेबांकडे?

कायदेकानू · ७ जून, १०:२०

कोर्टात रोख जमा, एफडी, बँक गॅरंटी, नाहीतर एखाद्या सॉल्व्हंट माणसाचा जामीनकतबा, म्हणजे याने नाही दिले तर मी देईन असं लिहून दिलेलं. कोर्ट सांगेल तसं. रक्कमही कोर्टच ठरवतं, आणि ती फक्त खर्चापुरती, वाड्याच्या किमतीशी तिचा संबंध नाही.

शुद्धलेखन_हवालदार · ७ जून, १०:५१

अवांतर: याला जामीन म्हणू नये म्हणून वरचा गोंधळ झालाय. इंदुरात हिंदीमुळे सगळ्यालाच जमानत म्हणतात, कायद्याच्या पुस्तकात प्रतिभूती, मराठीत तारण किंवा हमी. तारण म्हणजे वस्तू ठेवली, जामीन म्हणजे माणूस उभा राहिला. दोन्ही वेगळं.

फोडणीचे_पोहे · ७ जून, १०:५५

हवालदारसाहेब, "जामीनकतबा" वरच्या प्रतिसादात बिनचूक आलाय, वकिलाला सोडा.

मांडवीची_सून · ७ जून, १३:४०

रामबागकर, थोडं कडू बोलते. बडोद्याला मांडवीत सासऱ्यांचं दुकान होतं, त्यावर एकानं दावा लावला, ११ वर्षं चालला, आम्ही जिंकलो. निकाल हातात आला तर शेवटच्या पानावर खर्चाचा तक्ता असतो ना, तो बघितला. स्टॅम्प इतका, प्रोसेस फी इतकी, साक्षीदार भत्ता इतका, वकील फी सरकारी शेड्यूलप्रमाणे इतकी. सगळं मिळून २,१४० रुपये. वकिलांना आम्ही दिले होते दीड लाखाच्या वर. सासरे चष्मा पुसून पुसून बघत होते की एखादं शून्य राहिलं का.

ते २,१४० सुद्धा वसूल नाही झाले. वसुलीची दरखास्त लावायची तर तिचाच खर्च तीन हजार होता.

म्हणजे सांगायचं काय, हमी मिळाली तरी ती कशाची मिळणार? तुमच्या लाल वहीतले १,८६,४०० कोर्ट धरणार आहे का?

कायदेकानू · ७ जून, १४:१५

सूनबाईंनी नेमकं ठिकाण पकडलं. कलम ३५ मध्ये खर्च देण्याचा अधिकार आहे पण प्रत्यक्षात तक्त्यातले आकडे. खोटा, त्रास द्यायला केलेला दावा निघाला तर ३५-अ खाली भरपाईचा खर्च, त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये. तीन हजार! सुप्रीम कोर्टानं एकापेक्षा जास्त निकालांत म्हटलंय की खर्च वास्तवाला धरून असावा. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्यानं धंद्याच्या वादांसाठी कलम ३५ बदललं, तिथे हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियमच झाला. पण तुमचा वाडा धंदा नाही.

उलटी बाजूही ऐका. विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज, २०१०. दिल्ली हायकोर्टानं एका वादीला सांगितलं की हरलास तर २५ लाख देईन असं लिहून दे, मगच दावा चालेल. सुप्रीम कोर्टानं ते उडवलं, असं लिहून घ्यायची कायद्यात तरतूदच नाही म्हणून. तेव्हा हमीच्या नावाखाली वादीला घाबरवून पळवता येत नाही. वादी गरीब आहे एवढ्यावरही हमी मागता येत नाही, नाहीतर गरिबाला कोर्टाचा दरवाजाच बंद.

ग्वाल्हेरी_तडका · ७ जून, १५:०२

पण आमच्याकडून तर घेतली होती की हमी! दोन वर्षांपूर्वी, आमच्या विरुद्ध पैशाचा निकाल लागला, ग्वाल्हेर बेंचला अपील केलं तर म्हणाले आधी निम्मी रक्कम भरा मग स्टे. आणि आम्ही काय परदेशात नव्हतो, लष्करात राहतो.

सराफ्यातला_बोका · ७ जून, १५:०४

लष्करात म्हणजे मिलिटरीत?

ग्वाल्हेरी_तडका · ७ जून, १५:०६

लष्कर मोहल्ला रे. शिंद्यांची छावणी पडली होती तिथे. इंदूरवाल्यांना शिंद्यांचं काही माहीतच नसतं.

फोडणीचे_पोहे · ७ जून, १५:०८

माहीत असतं, म्हणूनच विचारत नाही. इथून होळकर-शिंदे सुरू झालं तर धागा गेला कामातून.

कायदेकानू · ७ जून, १५:३०

तडका, तुमचं वेगळं होतं. ते ऑर्डर ४१, निकालाची अंमलबजावणी थांबवायला भरलेली रक्कम. ती समोरच्याच्या डिक्रीसाठी, म्हणजे निकालात मिळालेल्या रकमेसाठी, खर्चासाठी नव्हे. तिसरा प्रकार ऑर्डर ३८, तिथे उलट प्रतिवादी माल विकून पळणार असं दिसलं की त्याच्याकडून तारण नाहीतर निकालाआधीच जप्ती. लोक तिन्हीची खिचडी करतात, आणि लोकच कशाला, मी कोर्टात ऑर्डर ३८ च्या अर्जावर ऑर्डर २५ चे मुद्दे मांडणारे ऐकलेत. अपिलातली खर्चाची हमी मात्र खरीच आहे, ऑर्डर ४१ रूल १०, अपीलवाला परदेशात आणि इथे काही नाही तर ती मागायचीच, आणि नाही दिली तर अपील नामंजूर.

टेम्सकाठी · ७ जून, २३:१८

मूळचा बडोद्याचा, आता लंडन. इकडे हे रोजचं आहे. वादी कंपनी कडकी दिसली की प्रतिवादीचा सॉलिसिटर पहिला अर्ज याचाच टाकतो, कारण इथे हरणारा खरोखर भरतो आणि आकडे बघून चक्कर येते. आमच्या ऑफिसच्या एका वादात समोरच्याला हमी भरता आली नाही, आठ महिने केस जागच्या जागी उभी. ज्या देशात खर्च मिळतो तिथेच खर्चाच्या हमीला किंमत. मांडवीच्या सूनबाईंच्या २,१४० ची हमी घेऊन काय करणार.

आजीची_गोधडी · ८ जून, ०७:२२

काल सगळं वाचलं, रात्री झोप येईना म्हणून ऑर्डर २५ चा जुना पाठ काढला (मी विधी महाविद्यालयात शिकवत असे, सवय जात नाही). १९०८ साली यात अजून एक पोटनियम होता. पैशाच्या दाव्यात वादी जर *बाई* असेल आणि तिच्या नावावर पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर प्रतिवादीच्या अर्जावर तिच्याकडून हमी मागता येई. परदेशी बिरदेशी काही नको, नुसती बाई असणं पुरे. आता बाईच्या नावावर तेव्हा स्थावर असायची कुठून? बापाची भावाला, नवऱ्याची दिराला. म्हणजे आधी काही द्यायचं नाही आणि मग काही नाही म्हणून हमी मागायची.

हा पोटनियम १९५६ च्या दुरुस्तीत गेला. आणि त्याच १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला, मुलीला बापाच्या स्वकष्टार्जितात मुलाइतकाच हिस्सा देणारा.

म्हणून रामबागकर, एक विचारू का? राग मानू नका. आजोबा १९८१ ला गेले, वाडा त्यांनीच बांधलेला. मृत्युपत्र होतं का?

रामबागकर · ८ जून, ०९:४५

सगळ्यांचे आभार, काल दिवसभर लग्नात होतो.

कायदेकानूसाहेबांच्या प्रश्नांची उत्तरं. वादी एकटा नाही, त्याची बहीण पण आहे, वादी क्रमांक २. ती देवासला असते. आणि आत्येभावाचा पुण्यात बाणेरला फ्लॅट आहे असं ऐकलंय, भाड्यानं दिलाय.

गोधडीताई, मृत्युपत्र नव्हतं. पण आत्यानं १९८२ मध्ये हक्क सोडल्याचं लिहून दिलंय, दहा रुपयांच्या स्टॅम्पवर, तिची सही आहे, दोन साक्षीदार आहेत.

सराफ्यातला_बोका · ८ जून, ०९:४७

देवास!!! भिया ३५ किलोमीटरवर वादी बसलाय आणि तुम्ही अमेरिका अमेरिका करताय

कायदेकानू · ८ जून, १०:१०

झालं. "सगळेच्या सगळे परदेशात" हे देवासनं मोडलं आणि "भारतात काही नाही" हे बाणेरनं. परंतुक तुम्हाला लागू नाही. राहिला रूल १ चा पहिला भाग, कोर्टाची मर्जी, आणि तिथे कोर्ट बघतं की दाव्यात दम किती. तुमचे वकीलसाहेब देखते हैं का म्हणत होते ते आता कळलं. माफ करा पण फाइल त्यांनी वाचलेली दिसतेय.

आणि तो दहा रुपयांचा कागद. नोंदणी झाली होती का? शंभर रुपयांच्या वरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर रजिस्ट्री लागते, नोंदणी कायदा कलम १७. आधी तोंडी वाटणी झाली होती आणि हे फक्त त्या वाटणीचं टिपण, असा युक्तिवाद करतात, कधी चालतो कधी नाही.

आजीची_गोधडी · ८ जून, १०:३०

म्हणजे वारस दोनच, निम्मा वाडा आत्याचा. ज्यांचा निम्मा वाडा आपण वापरतोय त्यांच्याकडूनच आपल्या खर्चाची हमी.

रामबागकर · ८ जून, ११:०२

ताई, हे म्हणजे एकदम पारडंच उलटं केलंत. आत्याच्या लग्नाचा, तिच्या बाळंतपणांचा खर्च कोणी केला? गच्ची तीनदा गळली ती कोणी केली? नगर निगमचा संपत्तीकर चाळीस वर्षं कोण भरतंय? आत्या असताना कधी एका शब्दानं काही म्हणाली नाही, दर दिवाळीला यायची, बाबांना ओवाळायची. ती गेल्यावर यांना हिस्सा आठवला.

मांडवीची_सून · ८ जून, ११:२०

ओवाळणाऱ्या बहिणी मागत नाहीतच हो. मीही नाही मागितला. म्हणून तो नव्हता असं नाही.

गच्ची, कर यांचा हिशेब मात्र मांडा, वाटणीच्या दाव्यात तो वळता मागता येतो. ती लाल वही त्यासाठी जास्त कामाची.

फोडणीचे_पोहे · ८ जून, ११:२५

+१. आणि वाटणीच्या दाव्यात शेवटी "ज्याचा खर्च त्याने सोसावा" हेच येतं बहुतेक वेळा, आमच्या काकांचं तेच झालं. मग हमी कसली नि काय.

रामबागकर · ८ जून, २१:५०

दिवसभर विचार केला. बाबांनाही वाचून दाखवलं (गोधडीताईंचा पहिला प्रतिसाद ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत).

पण एक गोष्ट मी लिहिली नव्हती कारण मला वाटलं तिचा संबंध नाही. गेल्या दिवाळीनंतर एका बिल्डरनं पेपरात आम सूचना दिली की वादी क्रमांक १ च्या हिश्शाबाबत त्याच्याशी अनुबंध (करार) झालेला आहे, कोणी सौदा करू नये. आणि तो मुखत्यार मित्र कोर्टाच्या कँटीनमध्ये आमच्या मुंशीजींना म्हणाला, आपको तारीखें गिननी हैं तो गिनो, हमारा खर्चा तो सेठ उठा रहे हैं. तेव्हापासून त्यांचा वकीलही बदलला, मोठा आणलाय. दावा आत्येभावाचा आणि पैसा बिल्डरचा, याला काही म्हणतात का?

कायदेकानू · ८ जून, २२:०५

अहो हे पहिल्या दिवशी नाही का सांगायचं!!

ऑर्डर २५ ला मूळ सीपीसीत रूल दोनच. पण काही हायकोर्टांनी आपापला रूल ३ घातलाय, महाराष्ट्र, गुजरात आणि आपला मध्य प्रदेश त्यात आहे. वादीनं दाव्याला पैसा मिळावा म्हणून दाव्यातल्या मालमत्तेचा काही हिस्सा बाहेरच्या कोणाला दिला किंवा द्यायचं कबूल केलं, तर कोर्ट त्या बाहेरच्याला, तो तयार असेल तर वादी करून घेतं, नसेल तर प्रतिवादी म्हणून ओढू शकतं, आणि *त्याच्याकडून* खर्चाची हमी मागू शकतं. तो देवासला राहतो की दुबईला, प्रश्न नाही. त्याची गरिबी हाही प्रश्न नाही, सेठच आहे.

दोन गोष्टी जपून. एक, नुसता हिस्सा विकायचा सौदा पुरत नाही, दाव्याचा खर्च उचलायच्या बदल्यात हिस्सा, असं दिसलं पाहिजे. कँटीनमधली गप्पा पुरावा नव्हे. आम सूचनेचं कात्रण जोडा आणि तो अनुबंध कोर्टात हजर करायचा आदेश मागा. दोन, सेठनं हमी नाही दिली तर फक्त सेठचा हक्क जातो. आत्येभाऊ-बहिणीचा दावा जागेवर राहतो.

टेम्सकाठी · ८ जून, २३:३०

पण दुसऱ्याच्या दाव्यात पैसा घालणं हा गुन्हाच नाही का? इकडे पूर्वी होता.

आजीची_गोधडी · ९ जून, ०६:५०

इकडे कधीच नव्हता. प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळचं लंडनमधलं सर्वात वरचं अपील कोर्ट) १८७६ मध्येच, राम कुमार कुंडू यांच्या केसमध्ये, सांगितलं की तो इंग्लंडचा कायदा हिंदुस्थानात लागू नाही. करार वाजवी असेल तर चालेल, लुबाडणारा असेल तर कोर्ट मानणार नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही बार कौन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी या निकालात म्हटलं की वकिलानं पैसा घालायचा नाही, तिऱ्हाइतानं घालायला आडकाठी दिसत नाही. रूल ३ त्याचाच भाऊबंद आहे. पैसा घाल, पण मग पडद्यामागे बसू नको, पुढे ये आणि खर्चालाही उभा राहा.

रामबागकर, हा अर्ज करा. यात मला काही गैर वाटत नाही.

सराफ्यातला_बोका · ९ जून, ०८:००

गोधडीताईंनी परवानगी दिली, कोर्ट काय चीज आहे

रामबागकर · ३ जुलै, २०:१५

अपडेट देतो म्हटलं.

वकीलसाहेबांना रूल ३ म्हटल्यावर पहिल्यांदा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. अर्ज लागला, अनुबंध हजर करायचा अर्जही सोबत. समोरच्यांनी उत्तराला वेळ मागितला, पुढची पेशी ऑगस्टमध्ये. वहीत अर्जाचे आणि टायपिंगचे ९०० वाढले.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. अर्जाची प्रत वादी क्रमांक २ ला म्हणजे देवासच्या ताईला पण गेली. परवा संध्याकाळी तिचा फोन. चार वर्षांत पहिला. म्हणाली, दादानं बिल्डरला काय लिहून दिलंय ते मला माहीतच नाही, मी तर आईच्या नावाचं आईला मिळावं म्हणून सही केली होती, वाडा पाडायचा म्हणून नाही. मी काही बोललो नाही, वकीलसाहेबांनी बजावलंय. फोन बाबांनी घेतला. अर्धा तास. शेवटी तिनं विचारलं, आजीचा पितळी बंब आहे का अजून.

न्हाणीघरातच आहे. बाबांनी आज चिंच लावून घासायला घेतला.

मांडवीची_सून · ३ जुलै, २०:४०

देऊन टाका हो बंब.

कायदेकानू · ३ जुलै, २०:५२

द्या, पण दिल्याची चिठ्ठी करून दोघांच्या सह्या घ्या. सवय.

सराफ्यातला_बोका · ३ जुलै, २०:५३

रजिस्ट्री लागेल का? आता बंब शंभर रुपयांच्या वर आहे

शुद्धलेखन_हवालदार · ३ जुलै, २१:१०

बंब जंगम आहे. नाही लागत.